अप्पांची मोटार खाली येईना

बसाप्पा अडत्यांना काहीही सुचवा, ते आधी डोळे बारीक करून म्हणत, "पैशाबिगर हुतंय का बघ." मुरूमच्या बाजारात धान्याची अडत, घरी खाऊनपिऊन सुखी, पण हे वाक्य काही सुटले नाही. सोलापुरात ड्रायव्हरकी शिकून मी त्यांच्या जुन्या मोटारीवर लागलो आणि ते ऐकून ऐकून माझे कान किटले.

मोटार उंच होती. अप्पांच्या आईचा, अव्वांचा, पाय उंबऱ्यापेक्षा वर उचलत नव्हता. अप्पा लहानपणी प्लेगच्या गाठीतून वाचले तेव्हा अव्वा तुळजापूरच्या आईला बोलल्या होत्या, 'माझ्या पायानं तुझ्या दारात उभी राहीन.' तो नवस राहून गेला होता आणि अव्वा आता थकत चालल्या होत्या. मोटारीने जायला त्यांची ना नव्हती. फक्त कुणी उचलून बसवायचे नाही. "उचलून न्यायला म्या काय पोतं हाय?" एकदा स्टुलावरून पडल्यापासून पायाखाली हलणारी वस्तूच नको. फळी नको, विटा नकोत. "बेड, बेड," एवढेच म्हणायच्या. कानडीतले 'नको' मराठीपेक्षा पक्के असते, हे मला मुरूमला कळले.

"मग मोटारच खाली घिऊ," अप्पा म्हणाले, आणि माझे भोग सुरू झाले.

पहिल्यांदा मागे ज्वारीची पोती भरली. मोटार छान बसली. अव्वा कुठे बसणार, असे मी विचारले, तर अप्पांनी बराच विचार करून पोत्यांवर बोट ठेवले. मग चाकांतली हवा सोडायला लावली. मोटार चार बोटे उतरली आणि दोन ट्यूब फाटल्या. लढाईच्या दिवसांत ट्यूब मिळवताना माझी दमछाक झाली, वर बोलणी मीच खाल्ली. त्यानंतर लोहाराकडून चाकांवरच्या, धक्के झेलणाऱ्या कमानींचे पाटे काढवले. ते शोभेला नसतात, हे मी सांगितले, लोहारानेही सांगितले. "काढायला काय पैसे पडत्यात?" मोटार खरोखर खाली आली. बाजाराबाहेर गाडीवाटेला लागलो, चाके बैलगाड्यांच्या चाकोरीत उतरली आणि मधल्या उंचवट्यावर मोटारीचे पोट टेकले. शेवटी बैल जुंपून तिला ओढून काढले. बघायला सगळा बाजार लोटला होता.

पाटे पुन्हा चढवले त्या दिवशी माझे डोके फिरले. "अप्पा, मोटार काय खाली येत न्हाय. आता जमीनच खाली न्या."

मी टोमणा मारला होता. अप्पांनी माझ्याकडे पाहिले, मोटारीकडे पाहिले, आत जाऊन फावडे आणले. धोतर खोचून त्यांनी दारासमोर चाकांसाठी दोन चर खणले, पुढे उतार ठेवला. मी मोटार त्यात घातली. पायफळी उंबऱ्याएवढी झाली आणि अव्वा आपल्या पायाने आत जाऊन बसल्या.

तुळजापूरला काय, हा प्रश्न मला वाटेत सुचला. अप्पांनी फावडे गाडीतच टाकले होते. महाद्वारासमोरच्या भर रस्त्यात ते खणू लागले. दुकानदार अंगावर आले, कुणाला पुरताय म्हणून एका पुजाऱ्याने विचारले. मी मान खाली घालून बसलो. "बुजवून दिऊ," एवढे म्हणून अप्पा खणत राहिले. अव्वा उतरल्या, हळूहळू दारापर्यंत गेल्या आणि चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. मागे अप्पा फावडे धरून रडत होते.

अव्वा त्याच हिवाळ्यात गेल्या. अप्पांनी दारातले चर स्वतः बुजवले. पुढे निजामी गेली, आणि काही वर्षांनी अप्पांचाही पाय उंबऱ्यापेक्षा वर उचलेनासा झाला. त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचे होते. मोटार तीच, उंचीही तीच. मी फावडे घेतले. दारातल्या त्या जागची माती अजून आजूबाजूपेक्षा मऊ लागली.

"ऱ्हाऊ दे दत्तू, उचल मला," अप्पा ओसरीवरून म्हणाले. "म्या कुठं नवस बोललोय?"

मला त्यांचा असा राग आला की डोळ्यांत पाणीच आले.

"गप बसा अप्पा," मी म्हणालो. "पैशाबिगर हुतंय."

अप्पा चर खणून होईपर्यंत थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, आपल्या पायाने मोटारीत चढले.