मावशीला मारलेली हाक

कापडे गावात एक भागी होती, भागीची एक वैजू होती, आणि वैजूला ऐकू येत नव्हतं. भागी म्हणजे मी. वैजूला घेऊन महाडला मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत गेले, तेव्हा ती एवढीशी. वसतिगृहात पोर माझा पदर सोडीना. शेवटी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडबाई, म्हणाल्या, "हिला ठेवायचं तर तुम्हालाही ठेवावं लागणार. स्वयंपाक येतो ना?" अशी मी शाळेत लागले आणि सगळ्यांची मावशी झाले. शाळा शिकले नाही, पण उमेदीचं सगळं वय शाळेतच गेलं. आता त्या दिवसांचं कुणी नाव काढलं, की फळीवरचं एक ताट ओढावं आणि सगळी चळत अंगावर यावी, तसे किस्से येतात.

मला तेव्हा एकच आस होती. गावात पोरं अंगणातून "आये" म्हणून ओरडायची आणि बाया आतून "ओ" द्यायच्या. मला ती ओ द्यायची होती. मोठ्या बाई म्हणायच्या, "बोलेल हो वैजू. धीर धरा."

*

लोकांना वाटतं, मुक्यांची शाळा म्हणजे सगळं शांत. एकदा जेवणाच्या पंगतीला येऊन बघायला हवं होतं त्यांनी. बाकं फरफटताहेत, ताटं आदळताहेत, पोरं पोट धरून हसताहेत. हातातनं अख्खं पातेलं पडलं तरी एक मान वळायची नाही. नवीन आलेल्या एक शिक्षिका पहिल्या दिवशी कानात बोटं घालून जेवल्या. म्हणजे जेवल्याच नाहीत.

आता माझ्या घरात चमचा पडला तरी ऐकू येतो. इतकं शांत असतं.

*

शाळेला एका देणगीदारानं पितळेची मोठी घंटा दिली होती. ऐकू न येणाऱ्यांच्या शाळेला घंटा! गंगाराम शिपाई ती रोज वेळेवर बडवायचा, आणि मग लाल रुमाल घेऊन प्रत्येक वर्गाच्या दारात हलवायचा. रुमाल दिसला की तास संपला.

मी म्हटलं, "गंगारामभाऊ, पोरं रुमाल बघून उठतात. मग घंटा कुणासाठी?"

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "नायतर रुमाल कधी हलवायचा, ता मला कसा कळनार?"

*

पोरं प्रत्येकाला हातानं नाव ठेवायची. मोठ्या बाई म्हणजे नाकावर चष्मा सरकवायचा. सुतारकामाचे मास्तर म्हणजे टकलावरून कंगवा फिरवायचा, कारण होते तेवढे केस ते सारखे विंचरायचे. मी म्हणजे मूठ वळून हवेत गोल फिरवायची. आमटीची पळी.

एकदा वरून तपासणीला साहेब आले. चहा संपायच्या आत त्यांचं नाव ठरलं. साहेब खिडकीतून बघतात, तर सगळी पोरं पुढ्यात मोठं पोट काढून त्यावर हात फिरवताहेत.

"ही काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी चष्मा सरकवला. "तुमचं स्वागत करतायत, सर."

*

वर्गात मात्र हातानं बोलायला बंदी. "हात खाली!" हे बाईंचं ठरलेलं. आरसा समोर ठेवून, तोंडापुढं कागदाची पट्टी धरून, पोराचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवून त्या बोलायला शिकवायच्या. घसा बसायचा, पण सोडायच्या नाहीत.

एकदा जेवताना बाईंना मीठ हवं होतं. तोंडात घास, मी लांब. त्यांनी चिमूट दाखवली आणि पळी फिरवली. सगळी पंगत थांबली. मग एकेका पोरानं बाईंकडं बोट करून हात खाली दाबला. हात खाली!

बाईंना ठसका लागला. त्या दिवसापासून जेवणघरात बंदी उठली.

*

गॅदरिंगला वैजूनं स्टेजवरून "आई" म्हणायचं ठरलं. बाईंनी दिवाळीपासून मेहनत घेतली. मी धुवट लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसले. वैजू पुढं आली, छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत म्हणाली, "बाई!"

टाळ्याच टाळ्या. मीही वाजवल्या.

नंतर मोठ्या बाई स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. म्हणाल्या, "मावशी, 'ब' ओठांवर दिसतो. 'ओ'चा चंबू दिसतो. 'आई'त नुसतं तोंड उघडतं हो, पोरीनं बघायचं काय?" त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना चहा दिला. पाठीमागून वैजूनं माझा पदर ओढला आणि पळी फिरवली. तिला भूक लागली होती.

*

पोलादपूरकडच्या वाडीतला दत्तू वैजूच्याच वर्गात होता. सुट्टीला निघाला, की आम्ही स्टँडवर पोचवायला जायचो. एकदा तो एसटीत बसला, काचा बंद, वैजू लांब खांबाशी. दोघांचे हात चाललेत. बाकीची माणसं काचेला तोंड लावून ओरडत होती, कुणाचं कुणाला कळत नव्हतं.

कंडक्टर घंटीची दोरी धरून उभा. ड्रायव्हर म्हणाला, "अरे, दे की डबल!"

"थांब रे. त्यांचा बोलना व्हयाचा हाय अजून," कंडक्टर म्हणाला. "माझी बायको लगीन झाल्यापासून माझ्याशी येवढी बोलली नाय."

मी तिथंच ओळखलं.

*

दत्तूला महाडच्या एमआयडीसीत सुतारकामावर घेतलं, बिरवाडीत खोली मिळाली, वैजूशी लग्न झालं. मग नात झाली. सगळ्यांच्या मनात एकच. तिसऱ्या महिन्यात माझी विहीण, दत्तूची आई, पाळण्यामागं उभी राहिली आणि ताट खाली टाकलं. पोर दचकून रडायला लागलं, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

पोर बसायला लागलं, तेव्हाची गोष्ट. विहीणबाई तिला मांडीवर घेऊन रोज शिकवायच्या. "बोल गो, आजी. आ-जी." नात त्यांच्या तोंडाकडं बघायची आणि हसायची.

मी स्टोव्हवरची आमटी उतरवून वळले. नातीनं माझ्याकडं बघितलं, इवलीशी मूठ वळली आणि हवेत गोल फिरवली.

"ह्या काय करतंय गो?" विहीणबाई म्हणाल्या.

"ओ," मी म्हटलं.

वैजू पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती. ती माझ्या ओठांकडं बघत होती. तिनं बादली खाली ठेवली आणि मूठ वळली.

"ओ," मी म्हटलं.