गालावरचा वारा

गल्लीत सगळे त्यांना पेटीवाल्या काकू म्हणत. पेटी म्हणजे सुरांची. हातपेटी असो, पायपेटी असो, भाता असलेलं आणि दम लागलेलं जे काही असेल ते त्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत येऊन पडे. एकदा समोरच्या घरात नव्याने राहायला आलेले गृहस्थ कुलूप बिघडलेली ट्रंक उचलून घेऊन आले. काकूंनी कुलूप नीट करून दिलं आणि म्हणाल्या, "चालेल आता. फक्त गायला सांगू नका."

हे काम त्या सासऱ्यांच्या हाताखाली शिकल्या. भात्याचं कातडं कुठे फाटलंय हे डोळ्यांना दिसेल तर ते काम कसलं? भेग केसाएवढी असते, आणि तीही घडीच्या आत. सासरे बोट ओलं करून वारा शोधत. काकूंची बोटं सदा चिकट सरसाने माखलेली, म्हणून त्यांनी एकदा वैतागून गाल लावला, आणि तेव्हापासून गालच लावत आल्या. दिवा आणि हत्यारं बाकाच्या उजव्या हाताला, त्यामुळे तोंड उजवीकडे आणि डावा गाल भात्याकडे. उभा जन्म असा गेला.

सून लग्न होऊन घरात आली तेव्हा एका दुपारी ती चहाला बोलवायला या खोलीत शिरली आणि उकडतंय म्हणून तिने पंख्याचं बटण दाबलं.

"पंखा बंद कर!" काकू ओरडल्या. डोळे मिटलेलेच होते. "वारा बघतेय."

"वारा बघतात का आई?"

"मग काय, चाखतात?"

सून दाराशी श्वास रोखून उभी राहिली. काकूंचा गाल घड्यांवरून हळूहळू सरकत गेला, मध्येच थांबला, खडूची एक फुली पडली. त्या फुलीपाशी सुनेने नंतर निरखून पाहिलं तर काहीच नव्हतं. पण तिथे तुकडा चिकटवल्यावर पेटी अशी गायला लागली की सुनेचा चहा निवून गेला.

त्या घरात वाऱ्याशिवाय पान हलत नसे. मुलगा भटकून उशिरा आला की काकू म्हणत, "आले का वारा पिऊन?" कुणी ऐकेनासं झालं की त्याच्या कानात वारं शिरलेलं असे. शेजारीण कालपर्यंत ज्यांना नावं ठेवत होती त्यांच्याच गळ्यात गळे घालताना दिसली, तर, "वारा येईल तशी पाठ!" काम अर्धवट टाकणाऱ्या सुताराबद्दल, "वाऱ्यावर सोडलं आपल्याला. आता मागे लागलीस तर वाऱ्याला उभा राहायचा नाही." आणि आपल्या धंद्याबद्दल विचारलं की हसून म्हणत, "लोक म्हणतात वाऱ्याची मोट बांधता येत नाही. मी तर रोज बांधते आणि घरपोच देते."

सून औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी. दिवसभर गोळ्यांची नावं वाचून जीभ कोरडी पडे. घरी येऊन ही बोलणी कानावर पडली की तिला बरं वाटे.

मग एका सकाळी, दात घासता घासता, काकूंच्या अंगावरून वारं गेलं.

डावी बाजू लुळी पडली. दवाखाना झाला, मालिश झालं, रबरी चेंडू दाबणं झालं. काकू हट्टी. हात हळूहळू आला, पाय काठीच्या आधाराने आला, वाकडं झालेलं तोंड बरंचसं सरळ झालं. डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्याने गालाला शिवून विचारलं, "कळतंय?" "सगळं कळतंय," काकू म्हणाल्या. डॉक्टर खूश, मुलगा खूश. सून तेवढी बघत राहायची. बिस्किटाचा कण काकूंच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला चिकटून बसे आणि त्या तसाच चहा पीत राहत. तिने पुसायला हात पुढे केला की चटकन तोंड फिरवत. "मी काय तान्हं बाळ आहे?"

आता प्रश्न उरला जिन्याचा. काकूंची झोपायची खोली वर, आणि जिना उभा. मुलाने सरळ हिशेब मांडला: खालची खोली रिकामी करायची, बाक आणि हत्यारं द्यायची कुणाला तरी, आणि तिथे आईची कॉट लावायची.

"तू पडलीस तर काय करू मी?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात कंप होता, म्हणून कुणाला रागावताही येईना.

"एक पेटी यायची आहे. ती झाली की बघू," काकू म्हणाल्या. सुनेने मान खाली घातली. त्या बाकाजवळून उठून काकू कॉटवर बसल्या की पुन्हा उठायच्या नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

ती पेटी म्हणजे शाळेतली जुनी पायपेटी. गाण्याच्या बाई स्वतः टेम्पोत बसून ती घेऊन आल्या. शाळेत नवं वारं सुरू झालं होतं. विजेवर चालणारा चकचकीत कीबोर्ड आला होता, आणि हॉलमधल्या मोडक्या बाकांबरोबर ही पायपेटीही शनिवारी भंगारात जायची होती. बाईंनी मुख्याध्यापकांशी भांडून शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

काकूंनी भाता सोडवला, जुनं कातडं खरवडलं, नव्या पट्ट्या कापल्या, सरस गरम केला. डावा हात जरा मागे राही, पण राबे. शेवटी नेहमीप्रमाणे दिव्याकडे तोंड करून त्यांनी गाल लावला, सगळ्या घड्यांवरून फिरवला आणि म्हणाल्या, "झाली. कुठे काही नाही."

गुरुवारी संध्याकाळी बाई आल्या, पायांनी भाता मारू लागल्या आणि एक सूर धरला. सूर उठला तो भरदार. पण पाय जरा सैल पडताच तो चढावर थकलेल्या माणसासारखा बसत बसत खालीच गेला.

"छान झालंय हो काकू. आधीपेक्षा खूपच," बाई म्हणाल्या.

"बाई, बेसूर पोरांशी बोलता तसं माझ्याशी बोलू नका. भाता वारा धरत नाहीये."

बाईंनी पेटीचं झाकण लावलं. त्या गेल्यावर मुलगा आईजवळ बसला. "केलंस ना तू? एवढं केलंस, पुष्कळ झालं. शनिवारी कॉट खाली आणतो."

"आण," काकू म्हणाल्या.

एवढंच. ना टोमणा, ना वाऱ्याचं काही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून दुकानातून आली तर खोलीचं दार लोटलेलं. आत काकू भात्याला डावा गाल लावून उभ्या होत्या, डोळे मिटून. सून दाराशीच थांबली, त्या पहिल्या दुपारी थांबली होती तशी. खिडकीतून एक माशी आली. काकूंच्या डोळ्याच्या डाव्या कोपऱ्याशी बसली. तिथून चालत चालत गालावर आली, थांबली, पाय चोळले, पुन्हा निघाली आणि सावकाश ओठापर्यंत गेली. काकू जिवाचा कान करून वाऱ्याची चाहूल घेत होत्या, आणि त्यांच्या त्याच गालावर माशी फिरायला निघाली होती.

"आई," सून हळूच म्हणाली, "गालावर माशी बसलीय."

काकूंनी झटकन हात उचलला. उजव्या गालाकडे.

माशी उडून गेली.

"दवाखान्यातच कळलं होतं मला," काकू स्टुलावर बसत म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर या खोलीत पाऊल टाकू दिलं असतंत? म्हटलं हात आला, पाय आला, हाही येईल. रोज इथे येऊन विचारते त्याला. वाऱ्याने सगळं परत दिलं गं, एवढा गाल तेवढा ठेवून घेतला."

"आणि उजवा?"

"तो नुसता शोभेचा! लावून पाहिला ना. त्याला सगळीकडूनच वारा लागतो. नव्या नवरीसारखा आहे, कोण हाक मारतंय तेच कळत नाही त्याला."

"मेणबत्ती धरून पाहू?"

"सरस, कातडं आणि वर ज्योत? मला कॉट हवीय, चिता नको."

सुनेला हसू आलं, आणि हसताहसताच ती म्हणाली, "मग माझा लावू?"

"तुझ्या गालाला पावडरीपलीकडे काही ठाऊक आहे का?" काकू म्हणाल्या खऱ्या, पण काठी टेकत उठल्या आणि पेटीपुढे बसून चांगल्या पायाने भाता मारू लागल्या. "तोंड मीट. श्वास नाकाने, तोही बेताने. गाल पुढे खुपसू नकोस. वाऱ्याला येऊ दे, तू जाऊ नकोस."

सून वाकली. आधी काहीच नाही. मग एकदम सगळंच. दाराच्या फटीखालून येणारा गार पट्टा. कातड्यावर आपटून परत येणारा आपलाच ऊन श्वास. काकूंचा पाय हलला की येणारी मंद झुळूक. इतकी वर्षं या खोलीत ती येत होती, आणि खोली अशी वाऱ्यांनी गजबजलेली आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती एकेका वाऱ्याला ओळखून बाजूला सारत गेली. आणि मग, तिसऱ्या घडीच्या आत, एक बारीक थंड धागा तिच्या गालाला शिवला. तान्हं मूल फारच शांत झोपलं की आई घाबरून त्याच्या नाकाशी गाल नेते, आणि तो एवढासा श्वास लागला की कशी गळून जाते, तशी ती झाली.

"आई!" ती गाल न हलवता म्हणाली. "आहे. जिवंत आहे हे."

"खडूने फुली मार तिथे." काकूंनी तिला दिवा बाकाच्या डाव्या बाजूला आणायला लावला, भाता फिरवून घ्यायला लावला, फुलीवर बोट ठेवून पायाने भाता मारायला लावलं, आणि तोंड डावीकडे करून आपला उजवा गाल तिच्या बोटापाशी नेला. कपडे उलटे घातल्यासारख्या अवघडल्या होत्या. "काढ बोट."

काहीच नाही.

"ठेव. काढ. परत ठेव. काढ."

पोहायला न येणाऱ्या पोराला पाण्यात धरावं तसं किती तरी वेळ चाललं. सुनेची पाठ भरून आली. मग काकूंची उजवी पापणी थरथरली आणि अर्ध्या तोंडाने त्या हसल्या. "हाच. पटली ओळख."

पण त्या तिथे थांबल्या नाहीत. सून पायांनी भाता मारत राहिली, आणि तो नवखा गाल घडीघडीवरून पुढे सरकत गेला, अडखळत, मागे येत. तळाच्या कोपऱ्याशी तो थांबला. "इथे दुसरा आहे."

सुनेने तिथे आपला गाल लावला. काही नाही. ओठ ओला करून नेला. काही नाही. काकूंना भास झाला असावा असं वाटून तिला वाईट वाटलं. "कापसाचा तंतू धर," काकू म्हणाल्या. सुनेने बोळ्यातून डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा एक तंतू उपसला आणि कोपऱ्याशी धरला.

तंतू थरथरला. नंतर सरळ उभा राहिला.

सून त्याच्याकडे बघत राहिली, मग काकूंच्या सुरकुतलेल्या उजव्या गालाकडे.

"बघतेस काय? सरस तापव," काकू म्हणाल्या.

शनिवारी सकाळी बाई आल्या तेव्हा मुलगा कॉटचे सुटे पाय घेऊन जिना उतरत होता. खोलीच्या दारात तो अडकला. बाक तोंड फिरवून उभा, दिवा डावीकडे, हत्यारांचा खण डावीकडे. "हे काय केलंत?"

"कॉट खिडकीखाली लाव," काकू म्हणाल्या. "तेवढी जागा ठेवलीय. पण बाक हलायचा नाही. डॉक्टरांना काय सांगायचं ते मी सांगेन. खरं सांगेन."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती सरस लागलेला आपला गाल पुसत होती.

बाईंनी भाता भरला, एक सूर धरला आणि दोन्ही पाय वर उचलून घेतले. सूर तसाच राहिला. भिंतींना, काचेला, कॉटच्या लोखंडी पायांना टेकत, न हलता. मुलाला घाम फुटला होता. सूर संपायची वाट न पाहता त्याचा हात सवयीने बटणाकडे गेला.

"पंखा बंद ठेव!" सासू-सून एकदमच ओरडल्या.

"या घरात वारा खायचीही चोरी," तो पुटपुटला आणि हात तसाच भिंतीवर टेकवून उभा राहिला. कारण सूर अजून चालूच होता.