दांड्याला टेकवलेली सायकल

लेओन गेदोंच्या तोंडी दिवसातून चाळीस वेळा एकच वाक्य असे: "दांड्याला सायकल टेकवू नका!"

जर्मन असो, डच असो, पॅरिसचा डॉक्टर असो, व्हेर्न नदीच्या काठाने सायकल हाणत येणारा प्रत्येक जण तिच्या घरापाशी थांबे आणि नेमकी तिथेच सायकल टेकवी. त्यांचा तरी काय दोष? काठाच्या रस्त्यावर गाड्यांना बंदी. पूर्वी घोडे बोटी ओढत चालायचे तो हा रस्ता. आता त्यावर सायकली, बदके आणि सकाळी पाव आणायला निघालेले म्हातारे. दिवस दिवस हॉर्न ऐकू येत नाही. अशा रस्त्यावर चार दिवस सायकल चालवली की माणूस सैल होतो, आणि सैल माणूस दिसेल त्या लाकडाला सायकल टेकवतो.

पण हे लाकूड साधे नव्हते. नदीला बंधारा, बंधाऱ्याशेजारी दगडी हौद, हौदाच्या दोन्ही टोकांना दारे. बोट हौदात घ्यायची, पाणी भरायचे की सोडायचे ते बघायचे, आणि बोट वर नाहीतर खाली पाठवायची. दार उघडायला ओंडक्याएवढा दांडा. त्याला पाठ लावायची, टाचा रोवायच्या आणि मागे मागे रेटत न्यायचा. लेओनचा बाप हेच करायचा. तो गेल्यावर बाविसाव्या वर्षी तिने दार हाती घेतले आणि सरकारी नोकरी संपली तरी घर सोडले नाही. उन्हाळ्यात दारात चार टेबले मांडायची, सायकलवाल्यांना कॉफी, सायडर, पाव आणि खारवलेले मांस द्यायची, आणि वर ओरडायची.

"बाई, एवढं काय त्या लाकडात?" एकदा एका बेल्जियन गृहस्थाने विचारले.

"तुमची सायकल पाण्यात गेली की मला विचारायला येऊ नका!"

"कधी गेलीय का कुणाची?"

"माझ्या दारावर? कध्धी नाही!"

हे ती छाती पुढे काढून सांगायची. समोरच्या काठावरच्या गिरणीत राहणारी तिची धाकटी बहीण जिझेल हे ऐकत असेल का, हा विचार तिने केला नव्हता. जिझेल तिच्याशी एक्केचाळीस वर्षे बोललेली नव्हती. मध्ये नदी होती, तीस पावलांची. रोज एकमेकींचे कपडे वाळत पडलेले दिसायचे, बोलणे शून्य.

कारण गावात सगळ्यांना पाठ होते. अठ्ठ्याहत्तर सालच्या जुलैत, राष्ट्रीय सणाच्या दिवशी दुपारी, लेओनची नवी कोरी निळी सायकल नाहीशी झाली. संध्याकाळी चौकात नाच होता. लेओन केस धुऊन, झगा घालून बाहेर आली, तर सायकल नाही. त्या दिवसांत गिरणीची भिंत बांधायला एक पोर्तुगीज गवंडी यायचा. गाव त्याला आर्मां म्हणे. रोज सहा किलोमीटर पायी येणारा माणूस. त्याच सकाळी तो म्हणाला होता, "सायकल झकास आहे हं."

झाले. लेओनने पोलिसांना त्याचेच नाव सांगितले. दोन दिवस त्याला बसवून ठेवले. सायकल काही मिळाली नाही, पण ठेकेदाराने त्याला काढून टाकले आणि तो गाव सोडून गेला. सप्टेंबरात जिझेलचे त्याच्याशी लग्न ठरलेले होते.

"पोर्तुगीज होता, दुसरं काय!" लेओन पुढे कितीतरी वर्षे सांगायची. "चार पिढ्यांचं दार सांभाळणारी मी, मला कोण फसवणार?"

दर तीन वर्षांनी ऑक्टोबरात नदी उतरवतात. बंधाऱ्यांची दारे उघडून पाणी सोडून देतात, डागडुजी करतात, आणि अख्खे गाव टोपल्या घेऊन काठावर तळ बघायला जमते. दरवेळी काहीतरी निघतेच: खुर्च्या, रिकामी तिजोरी, एकदा तर चर्चची घंटा ओढायचा दोर. पण हौदाच्या दाराच्या पायाशी पुरुषभर गाळ; तो कुणी उपसत नसे. दोन हजार एकोणीसला मात्र जुनी लाकडी दारे काढून लोखंडी बसवायची ठरली आणि क्रेन आली.

लेओन खुर्ची टाकूनच बसली होती. सायकलवाले दोघे-चौघेही थांबले होते, हातात कॉफीचे कप. दार वर उचलले गेले, माणसे फावडी घेऊन खाली उतरली.

"लेओनबाई!" मुकादम बास्तियां खालून ओरडला. "तुमचा मासा मिळाला!"

"केवढा?"

"दोन चाकांचा!"

काठावर हशा पिकला. लेओनही हसली. "बघा," ती त्या बेल्जियनसारख्याच दिसणाऱ्या एका पाहुण्याला म्हणाली, "कुणीतरी टेकवलीच शेवटी!"

दोराने ती वस्तू वर आली. गंजाचा आणि चिखलाचा सांगाडा. बास्तियांने त्यावर बादलीभर पाणी ओतले. एका नळीवर पितळेची पट्टी चमकली. पूर्वी प्रत्येक सायकलवर मालकाच्या नावाची अशी पट्टी असायची. बास्तियांने अंगठ्याने ती पुसली आणि मोठ्याने वाचायला लागला, "गेदों..." आणि गप्प झाला.

"वाच ना," लेओन म्हणाली.

"गेदों लेओन. दारवाली."

सगळ्यांना तो गवंडी आठवला; ज्यांना आठवत नव्हता त्यांना शेजारच्याने कानात सांगितले.

आणि मग तिला ती दुपार आठवली, अशी लख्ख की कालचीच वाटावी. सायकल हातात धरून ती घरातून निघाली होती, तेवढ्यात वरच्या अंगाला वाळूच्या बोटीने भोंगा दिला. सणाचा दिवस, घाई. तिने सायकल दांड्याला टेकवली. पलीकडच्या अंगाने. मग अलीकडून पाठ लावली आणि रेटत सुटली. पाठीमागे काय आहे ते दारवालीला दिसत नाही. ते दिसत नाही म्हणूनच तर नियम. बापाने आठव्या वर्षी कान पिळून शिकवलेला नियम. बोटीचे इंजिन धडधडत होते, पाणी खळखळत होते. काय पडले, कुठे पडले, कोण ऐकणार? बोट गेली, ती केस धुवायला आत गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. फक्त वळशात एका माणसाचे आयुष्य होते.

आणखी एक आठवले, आणि ते जास्त वाईट होते. त्या गवंड्याने पोलिसांना सांगितले होते, "सायकल दांड्याला टेकवलेली पाहिली होती, दाराच्या पायाशी बघा." पोलिसांनी तिला विचारले, तेव्हा ती हसली होती. "गवंड्यानं आता मला दार शिकवायचं?"

समोर, रिकाम्या नदीपलीकडे, जिझेल गिरणीच्या पायरीवर उभी होती.

लेओन उठली. तिने तो सांगाडा खांद्यावर घेतला. बास्तियां म्हणाला, "अहो बाई, मी नेतो, चिखल आहे," तर त्याच्यावर खेकसली, "हात लावू नकोस!" आणि बंधाऱ्याखालून नदीच्या तळात उतरली. गुडघ्याएवढा गाळ. शिंपले पायाखाली कडकड मोडत होते. तीस पावले, पण तिला वेळ लागला. मधेच एकदा ती घसरली, कुणीतरी काठावरून "अरे अरे" केले. एक्केचाळीस वर्षांत ही नदी इतक्यांदा उतरली, आणि दोघींपैकी एकीलाही कधी चालत यावेसे वाटले नव्हते.

पायरीशी पोचल्यावर तिने सायकल खाली ठेवली. 

"मीच टेकवली होती," ती म्हणाली. "दांड्याला. मीच."

जिझेल खाली वाकली. पितळी पट्टीवर बोट फिरवले. मग आत गेली आणि दार लावून घेतले. आपटले नाही, नुसते लावले. आपटले असते तर बरे, असे लेओनला वाटले.

तो हिवाळा लेओनने कसा काढला ते तिलाच ठाऊक. ज्या ज्या घरी ती तेव्हा बोलली होती, त्या त्या घरी जाऊन सांगावे असे मनात आले. पण निम्मी घरे कुलूपबंद आणि निम्मे लोक दफनभूमीत. पाद्रीबुवांना विचारले तर ते म्हणाले, "देवाला सांग." "देवाकडे मी चुगली केली नव्हती," ती म्हणाली आणि उठली.

उन्हाळा आला, सायकलवाले यायला लागले, तसे तिला सुचले. जुन्या दाराचा दांडा तिने ठेकेदाराकडून मागून घेतला आणि अंगणात आडवा ठेवला. वर पांढरी फळी ठोकली आणि निळ्या रंगाने स्वतः लिहिले: इथे सायकल टेकवू नका. मी टेकवली होती, अठ्ठ्याहत्तर साली. ती पाण्यात पडली आणि मी चोरीचा आळ घेतला आर्मां नावाच्या गवंड्यावर. तो चोर नव्हता.

लोक थांबायचे, वाचायचे, काही फोटो काढायचे. काही हसायचे, मग शेवटच्या ओळीला यायचे आणि हसू तिथेच थांबायचे. कॉफी मागताना आवाज खाली यायचा. लेओनने आता ओरडणे सोडून दिले होते.

जूनमधल्या एका सकाळी सहा-सात डच मंडळी अंगणात सायकली हातात धरून उभी होती. कुठे टेकवावी ते कुणाला कळेना. तेवढ्यात पुलाच्या बाजूने एक म्हातारी आली, हळूहळू, हातात पांढऱ्या आणि निळ्या रंगाचे दोन डबे आणि कुंचला. चार किलोमीटरचा वळसा घालून. लेओन किटली हातात घेऊन पुढे आली.

जिझेलने फळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"नाव चुकलंय," ती म्हणाली.

एक्केचाळीस वर्षांनंतरचे पहिले शब्द. लेओनला वाटले आपण नीट ऐकले नाही. "काय चुकलंय?"

"नाव. आर्मां कुणी नव्हता. तुम्हाला जमत नव्हतं म्हणून तुम्ही ठेवलेलं ते. आर्मिंदू. आर्मिंदू तेशेरा. पोलिसांनासुद्धा तू चुकीचंच सांगितलं होतंस. दोन दिवस त्यांनी त्याला भलत्याच नावानं हाका मारल्या."

लेओनने किटली खाली ठेवली. ज्याला चोर म्हटले, त्याचे नावही तिला ठाऊक नव्हते!

"तो... आहे का गं?"

"मला काय माहीत? एक ओळ नाही आली." जिझेलने डबे उघडले, गुडघे धरत फळीपुढे वाकली, 'आर्मां'वर पांढरा हात मारला आणि वाळायचीही वाट न बघता वर निळी अक्षरे काढू लागली. एकेक अक्षर, जिभेचे टोक दातांत धरून. शाळेत असल्यापासूनची तिची सवय.

डच मंडळींतल्या एका बाईने मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये विचारले, "कोण हा माणूस? काय झालं होतं?"

जिझेलने मान वळवली नाही. कुंचला चालूच होता.

"सांग तिला," ती लेओनला म्हणाली. "मोठ्यानं सांग. आणि नाव नीट घे."