कॉम्प्युटरातला तंबोरा

नाथाजी हवालदार सैन्याच्या बिनतारी संदेशांच्या सिग्नल्स विभागातून निवृत्त झाला आणि साताऱ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून बसला. हात इतका साफ, की वस्तू त्याच्याकडे टाकून माणूस निर्धास्त घरी जाई.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात सांगलीच्या चारुशीलाबाई दुकानात आल्या. त्या गाण्याच्या शिकवण्या घेत, माहेर साताऱ्याचं. पिशवीतून त्यांनी टाइपरायटरसारखा दिसणारा एक जुना कॉम्प्युटर काढला. यजमानांनी तो जर्मनीहून आणला होता आणि महिनोन्‌महिने खपून, प्रोग्राम लिहून त्यात तंबोऱ्याचा आवाज बसवला होता. टीव्हीला जोडला की चार तारा झंकारू लागत. यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती.

"मागून सारखी खरखर येते. तेवढी घालवा. बाकी कशाला हात लावू नका," बाई म्हणाल्या.

"ती टीव्हीच्या वाटंनं येतीया, बाई. आवाजाच्या चिपपासनं थेट वायर काढून स्पीकरला देतो. सूर कसा आरशावानी निघंल."

काम तासाभराचं. वायर जोडली, आवाज लख्ख आला. पण नाथाजीला तेवढ्यावर राहवलं नाही. आणखी बारीक खरखर काढावी म्हणून वीज चालू ठेवूनच त्यानं आत स्क्रूड्रायव्हर घातला आणि तो निसटला. टच्‌ झालं आणि आवाजाची चिप जळली. तंबोरा गप्प.

मोडक्या कॉम्प्युटरमधली तसलीच, पण नंतरच्या काळातली चिप त्याच्याकडे होती. लागणारी वीज जुळवून त्यानं ती बसवली. सूर स्वच्छ लागले. फक्त तारेचा तो गोल, घुमणारा नाद कुठंतरी हरवला. त्यालाही ते कळलं.

न्यायला आलेल्या बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. "खरखर गेली खरी. पण हा आपला तंबोरा वाटत नाही हो."

नाथाजी वायर गुंडाळू लागला. "इतकी वर्सं खरखरीची सवय झालेली कानाला, बाई. म्हून तसं वाटतंय."

"असेल," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

दोन महिन्यांनी त्यांची भाची ज्ञानदा रेडिओ घेऊन दुकानात आली. बोलता बोलता म्हणाली, "आत्यानं शिकवण्या बंद केल्या. म्हणते, माझा कान गेला. स्वतःच्याच तंबोऱ्याचा सूर ओळखता येत नाही, तर पोरींचा काय ओळखणार?"

त्या दिवशी नाथाजीच्या हातून सोल्डरिंगचा एक डाग धड लागला नाही. दुसऱ्या सकाळी जळकी चिप कागदात गुंडाळून त्यानं सांगलीची एसटी धरली.

उंबऱ्यातच उभं राहून त्यानं सगळं सांगून टाकलं. "तुमचा कान सोळा आणे खरा हाय, बाई. खोटा मी."

बाईंनी चिप तळहातावर घेतली. उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "चूक कुणाच्याही हातून होते. पण मी तेव्हाच म्हटलं होतं, तर तुम्ही माझ्या कानावर ढकललंत. दोन महिने मी पोरींना दारातून परत पाठवलं, नाथाजीराव."

"पैल्यासारखा न्हाई व्हायचा तो आता," एवढंच तो म्हणाला.

बाईंनी आतून यजमानांची वही आणली. कॉम्प्युटरात भरलेले तारांच्या आवाजाचे आकडे तीत लिहिलेले होते. "बसा. मी ऐकते, तुम्ही आकडे बदला."

दुपारभर तेच चाललं. "अजून गोल हवा... फार झाला... मागे घ्या." उन्हं उतरता उतरता त्या म्हणाल्या, "थांबा. जवळ आला. तोच नाही, पण जवळ आला." आणि त्यांनी षड्‌ज लावला. तो असा चपखल मिसळला, की नाथाजीला मान वर करवेना.

चहा विचारला गेला नाही. निघताना बाई म्हणाल्या, "सोमवारपासून पोरींना बोलावते." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत.

पुढे ज्ञानदा रेडिओ न्यायला आली, तेव्हा शिकवण्या पुन्हा सुरू झाल्याचं तिनं सांगितलं. नाथाजीनं चाचरत विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलल्या का?"

"नाही. काहीच नाही."

त्यानं मान हलवली. रेडिओ तिच्या हाती देताना आत कोणता भाग बदलला, कोणता जुनाच ठेवला, ते एकेक करून दाखवलं. तिनं विचारलं नव्हतं, तरी.