नाक एकाचं, शेपूट दुसऱ्याचं

जिवाणूंच्या मनातलं सगळं जाणणारा आणि माणसांच्या मनातल्याचा पत्ताच नसलेला, असा आमच्या तळमजल्यावरच्या शास्त्रज्ञांसारखा गृहस्थ उभ्या वाशीत नसेल. ऐंशीच्या सुमारास आम्ही या नव्या कॉलनीत आलो, तेव्हा इथे खाडीचा वारा, डास आणि या गृहस्थांचं ज्ञान एवढंच मुबलक होतं. खाडीपलीकडच्या प्रयोगशाळेत ते पेशीतल्या प्रथिनांवर काम करत. प्रथिनाचं एक टोक पेशीबाहेर डोकावतं, ते साखरेचा सुगावा घेतं. आतलं टोक तो निरोप ऐकून जिवाणूला साखरेकडे पळवतं. हे त्यांनी मला दुधाच्या रांगेत, भाजीवाल्यापाशी आणि एकदा माझ्या सासूबाईंच्या तेराव्याला समजावलं होतं. "वहिनी, एकाचं नाक कापून दुसऱ्याच्या शेपटीला जोडलं, तरी निरोप पोचतो!" त्यांची बायको म्हणे, "घरातलं मीठ संपल्याचा तेवढा पोचत नाही."

पाणी आमच्याकडे लहरीप्रमाणे येई, तेही फक्त त्यांच्या दाराशेजारच्या नळाला. मग त्यांनी नळाखालच्या पिंपात तरंगता गोळा सोडला आणि त्याची वायर स्वतःच्या दारावरच्या बेलला जोडली. बेल वाजली की आम्ही बायका बादल्या घेऊन जिन्यावरून धावत सुटायचो. सगळी सोसायटी त्यांना दुवा देत होती, आणि त्यांच्याकडे जायचं तर बेलला हात न लावता कडी वाजवत होती.

आणि मग त्यांच्या लेकीला बघायला मंडळी आली. मुलगा तिच्या कॉलेजातला, तिच्या मनात भरलेला. प्रश्न होता तो त्याच्या आईचा. त्या बाईंनी बेल दाबली मात्र, अख्खी बिल्डिंग बादल्यांसकट त्यांच्या अंगावर आली. नव्या पैठणीला माझ्याच बादलीचा धक्का लागला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पाहुण्यांना पाणी देतात. तुमच्यात पाहुण्यांकडून भरून घेतात वाटतं?"

आत पोह्यांची बशी धरून मुलगी पांढरीफटक पडली होती. शास्त्रज्ञांनी माफी मागायची सोडून प्रथिनावर व्याख्यान लावलं. मी म्हटलं, गेलं हे स्थळ. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "पण काका, आतल्या टोकाला नुसती बेल ऐकू येते. बाहेर पाणी आलंय की आई आलीय, ते त्याला कसं कळणार?"

"नाहीच कळत! अहो, हेच तर मी सगळ्यांना सांगतोय!" शास्त्रज्ञ ओरडलेच. मुलाच्या आईलाही हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांनी पोह्यांची बशी मुलीच्या हातून घेतली.

पाठवणीच्या वेळी जावई शास्त्रज्ञांच्या पाया पडला. मला वाटलं, आता पुन्हा प्रथिन. पण ते त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ती रागावली तर घाबरू नका. गप्प बसली, की हातातलं काम टाकून जवळ जाऊन बसा. विचारू नका काही. नुसते बसा." गाडी निघून गेली तरी ते फाटकाशी उभेच होते. मला त्यांची फार माया वाटली. तशीच थोडा वेळ त्यांच्याजवळ उभी राहिले.