एकनाथ कुंभाराची जबानी

"आवो, बसा की सुलभाताई. उभ्या उभ्याच काय बोलताय? ह्यो स्टूल घ्या, पुसलाय म्या. काच न्हाई लागायची."

"बसत नाही, एकनाथभाऊ. गुरुवारचं विमान आहे, कायमची भारतात परत चाललेय. हे लाडू द्यायला आले."

सुलभानं डबा टेबलावर ठेवला, पण कड चुकली. डबा खाली जायचा, तो एकनाथनं वरच्यावर धरला. मार्चमध्ये डावा डोळा गेला, तेव्हापासून तिला अंतराचा अंदाज राहिला नव्हता.

एकनाथ कागलकडचा, कुंभाराचा पोरगा. बाप मडकी घडवायचा, हा ओहायोतल्या एका विद्यापीठात प्रयोगशाळेची काचेची भांडी फुंकून घडवतो. बारा वर्षं झाली येऊन, तरी इंग्रजीसुद्धा कागलचीच बोलतो. बापाची एक रीत होती. भट्टीतनं निघालेलं मडकं बोटानं वाजवायचं आणि बद्द बोललं की गिऱ्हाइकासमोर दगडावर फोडायचं. एकनाथ काच वाजवत नाही, दिव्यापुढं धरून फिरवतो, एवढाच फरक.

मार्चमध्ये एका मोठ्या फ्लास्कच्या बुडाला त्याला केसाएवढा तडा दिसला. लाल मेणपेन्सिलीनं त्यानं गोल काढला आणि डॉक्टर चारुदत्तांना नेऊन दाखवला. चारुदत्त म्हणजे तिथल्या मराठी मंडळाचं भूषण. गणपतीची पहिली आरती त्यांच्या हातनं. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "आजचा दिवस चालेल रे. केवढं काम हातात आहे, आणि तू केसाएवढ्या रेघेसाठी ते थांबवतोस?"

एकनाथ नुसता भ्याला असता तर एक वेळ बरं होतं. त्याला ते पटलं. एवढा मोठा माणूस, त्याला दिसतंय ते आपल्याला काय दिसणार, म्हणून त्यानं तो गोल अंगठ्यानं पुसला. तासाभरात फ्लास्क फुटला. शेजारच्या सिंकवर प्रयोगशाळेची भांडी धुणारी सुलभा होती; काच तिच्या डोळ्यात गेली.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मंडळाचे संजीव एकनाथच्या घरी येऊन बसले. "चारुदत्तांसारखा माणूस शंभर वर्षांत एकदा होतो, यार. त्यालाही तुमचे-आमचेच नियम लावणार का?" दुसऱ्या दिवशी चौकशीच्या साहेबांनी फ्लास्कला आधी तडा होता का, म्हणून विचारलं. एकनाथ म्हणाला, "नो क्रॅक." मग त्यांनीच लिहून टाकलं, आधी धुताना सुलभाच्या हातून आपटला असावा.

"एक बोलायचं होतं," सुलभा म्हणाली. "मला काही आठवत नाही, पण धुताना माझ्याच हातून तो फ्लास्क सिंकला लागला असेल. माझ्यापायी तुम्हाला चौकशीत बसावं लागलं. राग धरू नका."

डबा अजून एकनाथच्याच हातात होता.

"न्हाई वो ताई. तडा आधीच हुता. म्या बघितला हुता. डाक्टरास्नी दावला, त्येनी चालतंय म्हटलं, आन् म्या चालू दिलं. चौकशीत खोटं बोललो."

सुलभानं उजवा डोळा त्याच्याकडं वळवला.

"सहा महिने मी घरातली कपबशी धरायला भिते," ती म्हणाली. "घरात कुणी माझ्या हातात काच देत नाही. कुणाकुणाला सांगितलंत हे?"

"तुमास्नीच."

"मी तर चालले. मला सांगून तुमचं काय गेलं?"

तिनं त्याच्या हातातला डबा काढून घेतला, टेबलाची कड चाचपत दारापर्यंत गेली आणि वळून न बघता बाहेर पडली.

दुपारी चौकशीच्या साहेबांकडं जाऊन खरं सांगायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं. मार्चपासून हे त्यानं पुष्कळदा ठरवलं होतं.

टेबलावर चारुदत्तांची चिठ्ठी होती: सहा फ्लास्क, अर्जंट. एकनाथनं दोन्ही डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, बर्नर पेटवला आणि नळी ओठाला लावली.