एक रात्र थांबा, तिकीट स्वस्त!

परदेशातून परत आलेला माणूस आधी घरी जातो, मग देवळात आणि तिथून थेट आमच्या दुकानात येतो. तिकीट काढताना जो 'हो' आणि 'नाय' याच्यापलीकडे बोललेला नसतो, तो आता दोन चहा संपवूनही उठत नाही. असे किस्से साठून साठून आता दुकानात फाइलींपेक्षा तेच जास्त झालेत!

शहापूरच्या स्टँडजवळ माझं आणि माझा नवरा महेश याचं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. आपल्याकडच्या बऱ्याच घरांतली पोरं हल्ली बाहेर असतात. त्यांच्याकडे सासू-सासरे, मुलंबाळं असं आख्खं खटलं न्यायचं म्हटलं, की डायरेक्ट फ्लाइटचा आकडा बघून माणूस उभ्याचा खाली बसतो. तिथे माझी युक्ती कामाला येते. मध्ये एक रात्र थांबायचं. संध्याकाळी उतरा, हॉटेलात झोपा, सकाळी पुढचं विमान धरा. हॉटेल, व्हिसा सगळं धरूनही बहुतेक वेळा पाच जणांत एकाचं तिकीट सुटतं! हे मी छातीठोकपणे सांगते.

गोंधळ काय व्हायचा तो त्या एका रात्रीत होतो.

*

मुरबाडचे भोईर गुरुजी बायकोला घेऊन मुलाकडे लंडनला निघाले होते. मी म्हटलं, "मध्ये थांबा आहे, रात्रभराचा."

"रात्रभर? ड्रायव्हर बदलतो काय?"

"ड्रायव्हर, कंडक्टर, गाडी, सगळंच बदलतं गुरुजी!"

गेले बिचारे. सकाळी निघताना बाईंनी हॉटेलच्या चादरी ताणून घातल्या, पांघरुणांच्या घड्या केल्या, बाथरूम कोरडी केली, कचरा पिशवीत बांधून सोबत घेतला. "दुसऱ्याकडं निजलो, तर अंथरूण तसंच टाकून यायचं काय गो?"

साफसफाईवाला खोलीत आला आणि तसाच परत गेला. इथे कोणी झोपलेलंच नाही! काउंटरवर मॅनेजर धावत आला. खोली आवडली नाही का? काय चुकलं? गुरुजी इंग्रजीत समजावतायत, तो ऐकूनच घेईना. शेवटी हात जोडून त्याने दोघांना फुकट नाश्ता घातला!

*

खर्डीचा निलेश, बायको, दोन मुली आणि आई, असे पाच जण मेलबर्नला निघाले. मी बजावलं होतं, "बॅगा थेट मेलबर्नला जातील. रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत ठेव."

"हो ताई, हो ताई."

हातातल्या पिशवीत काय होतं? चकल्या!

रात्री माझ्या मोबाइलवर फोटो आला. हॉटेलातले पांढरेशुभ्र झगे घालून पाची जण ओळीने उभे. मधोमध निलेशची आई, कपाळाला ठसठशीत कुंकू, हात पाठीमागे बांधलेले. खाली निलेशने लिहिलं होतं, "ऑपरेशन सक्सेसफुल! पेशंटची तब्येत उत्तम!"

*

कसाऱ्याचे रमेशकाका रेल्वेतून रिटायर झालेले. सून सीमा आणि नातवंडांबरोबर जर्मनीला निघाले होते. हॉटेलचं नाव काढताच म्हणाले, "हाट! माझा जन्म स्टेशनात गेला. आमी विमानतळावरच झोपू."

झोपली फक्त सीमा आणि मुलं. काका जागेच! आजूबाजूला बाकांवर लोक पसरलेले बघून त्यांना चैन पडेना. याची गाडी चुकली तर? ते एकेकाला खुणेने विचारू लागले, तुझं विमान कितीला? लोकही खूश. बोर्डिंग पास दाखवायचे आणि निवांत घोरायचे. काकांनी एकेकाला वेळेवर हलवून उठवलं. एका गोऱ्या आजोबांनी तर गळामिठी मारली, बाकीच्यांनी चॉकलेटं दिली.

सीमा मला सांगताना कपाळावर हात मारत होती. "ताई, पप्पांनी आख्खा विमानतळ उठवला. आम्हालाच विसरले! शेवटी माइकवर आमची नावं पुकारली, तेव्हा धावत सुटलो!"

*

आमच्याच गल्लीतले किराणावाले पाटीलकाका आणि काकू. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं कधी हॉटेलात म्हणून राहिले नव्हते. दुकान कोणी बघायचं?

लेकीकडे जाताना त्यांना एक रात्र सिंगापुरात थांबवलं. सकाळीच काकूंचा फोन. 

"काय झालं काकू?"

"हळू बोल. हे आंघोळीला गेलेत. परतीला एकाच्या दोन रात्री होतात का गो?"

"बघते," म्हटलं. फोन ठेवते न ठेवते तोच काकांचा.

"काकूला बोलू नको हां. पण परतीला जरा दोन रात्री..."

महेश म्हणाला, "तीन कर. दोघांनाही वाटू दे, आपलंच ऐकलं!"

*

मुरबाडकडच्या सुमनमावशींचे दोन मुलगे. थोरला सुनील टोरंटोला, धाकटा अनिल दुबईत क्रेन चालवतो. वडिलांच्या आजारपणात कोण आलं आणि कोण आलं नाही, यावरून दोघांचं वाजलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. मावशी एकाशी फोनवर बोलताना दुसऱ्याचं नाव घेत नसत.

सुनीलचा मला फोन आला. "ताई, आईचं तिकीट डायरेक्ट काढा. पैशाकडे बघू नका."

दुपारी मावशी स्वतः दुकानात. पदराने घाम पुसत म्हणाल्या, "मला डायरेक नको. दुबईला रात्र थांबतं ना, ते दे. स्वस्तातलं."

"मावशी, एकट्या कशा राहाल?"

"अनिल येल घ्यायला." मग आवाज उतरला. "सुनीलला बोल, पैसं वाचतात."

मी तसंच सांगितलं.  सुनील म्हणाला, "बरं. आई म्हणेल तसं."

अनिल सुट्टी काढून विमानतळावर आला. मावशींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी नेली होती. मायलेक हॉटेलात फरशीवर बसून जेवले. "झोपलो कुठं गो? बोलतच होतो," मावशींनी नंतर मला फोनवर सांगितलं. निघताना अनिलने आईच्या अंगावर जाडजूड कोट चढवला.

टोरंटोला सुनील घ्यायला आला. कोट बघून त्याने विचारलं, "हा कुठला?"

"तुझ्या भावानं घेतला. बोलला, तिकडं दादाकडं लय थंडी असते."

 कोटाची वरची दोन बटणं उघडी होती, ती सुनीलने लावली, असं मावशी म्हणाल्या.

सहा महिन्यांनी पुन्हा सुनीलचा फोन. "आईचं परतीचं तिकीट काढायचंय. सोडायला मीही येतोय. व्हाया दुबई बघा."

मी बघितलं. त्या आठवड्यात सगळं उलटंच होतं. "दादा, या वेळी डायरेक्ट स्वस्त पडतंय. चांगलंच स्वस्त!"

 

"असू दे," तो म्हणाला. "दुबईचंच काढा. आणि ताई, हॉटेलात खोली जरा मोठी बघा. तिघांना पुरेल अशी."